ज्याच्या त्याच्या हातचं पाणी

सोलापूर
रविवार, २० मे १९७३

प्रिय हेमा,

आधी तोंड गोड कर. दुसरं काही नसलं तर गुळाचा खडा घाल तोंडात, या पत्राला तोच शोभेल. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी जिची सुई उशीतसुद्धा सरळ जात नव्हती, त्या तुझ्या चांगुणाला काल जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी समोरची खुर्ची दाखवून "बसा" म्हटलं. मी बसले, तर पाय जमिनीला लागेनात, इतकी ती खुर्ची उंच. साहेबांनी माझा अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, गूळ? नुसता गूळ? मी म्हटलं, गूळ, मीठ आणि पाणी. त्यांनी तिसऱ्यांदा वाचला. मग टायपिस्टला बोलावून स्टेन्सिल कापायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या दुष्काळी कामांवर वाटायचं पत्रक छापून तयार! हाताशी माणसं कमी होती म्हणून यंत्राचा दांडा मीच फिरवला, अजून नखांतली शाई गेलेली नाही. हे पत्र मी त्याच पत्रकाच्या बिघडलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे. उलटून बघ. मजकूर माझा आहे, खाली सही साहेबांची आहे. चालायचंच.

आज सुट्टी, म्हणून घरी आहे. शेजारचे माग खडखडतायत, उन्हाने पत्रा तापलाय, आणि आई दोनदा डोकावून गेली की ही एकटीच काय हसते आहे. सहा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याचा राग धरून बसली असशील. राग धर, पण पत्र शेवटपर्यंत वाच. यात आनंदाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि एक गोष्ट अशी आहे की ती तुला सांगायची मला बंदी आहे. ती मी सांगणार आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला मला दुधनीजवळच्या खडी केंद्रावर पाठवलं. तुझ्याच मुलखात. तू हा दुष्काळ मिरजेतून बघते आहेस, तिथे नदी आहे. इथे माणसं विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी खरवडतात. माळावर चौदाशे माणसं. दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी पाचटाच्या खोपटात पडायचं, सुकडीचं पाकीट खायचं, आणि दोन दिवसांनी येणाऱ्या टँकरकडे डोळे लावायचे. मला एक तंबू, एक स्टोव्ह, चोवीस सलाईनच्या बाटल्या आणि ब्लीचिंग पावडरचं पिंप. डॉक्टर एकच, आणि त्यांच्याकडे अशी सहा केंद्रं.

डॉक्टर तरुण आहेत. दोन वर्षांपूर्वी बंगालच्या सरहद्दीवर निर्वासितांच्या छावणीत काम करून आलेले. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, ही आताची पटकी बारा वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या बेटांवरून निघाली, आपल्या देशातून गेली आणि आता आफ्रिकेत पोचली आहे. जिथे पाणी वाईट आणि दवाखाना लांब, तिथे ती मुक्काम करते. मी म्हटलं, मग आमचा माळ तिला नक्की आवडेल. हसले बिचारे. पण नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी विसरले नाही. छावणीत बाटल्या संपल्या तेव्हा त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपंच्या पिंपं भरली आणि रोग्यांना तोंडाने पाजलं, आणि माणसं जगली. मला ते खरंच वाटलं नाही. आपल्याला काय शिकवलं होतं, आठवतं ना? पटकीला शीर शोधायची, सुई लावायची, बाटली टांगायची. तोंडाने पाणी द्यायचं म्हणजे दुधखुळेपणा.

पंचवीस एप्रिलला पटकी आली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे चार बाटल्या उरल्या, आणि एकेका रोग्याला पाच-सहा लागतात हे तुला मी सांगायला नको. पाच दिवसांत अकरा माणसं गेली. त्यातल्या दोघींचे हात माझ्या हातात होते. डॉक्टर दुसऱ्या केंद्रावर अडकलेले, तिथेही हेच. त्यांनी जीपवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवली: बाटल्या मिळतील तेव्हा मिळतील, तोवर बंगालचा उपाय करा. ग्लुकोज कुठून आणू? साखर रेशनवर, ती चौदाशे माणसांना पुरायची नाही. गूळ मात्र केंद्राच्या दुकानात ढेपांनी पडलेला. मी ठरवलं, तर गूळ.

आणि मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. डॉक्टरांनी पिंप म्हटलं होतं, म्हणून मीही पिंप भरलं. टँकरचं आठ घागरी पाणी अडवलं, उकळवता येईल तेवढं उकळवलं, मीठ घातलं, गूळ कालवला, वर स्वच्छ फडकं बांधलं, बाजूला वगराळं ठेवलं आणि मुकादम चनमल्लप्पांना दवंडी द्यायला सांगितली. संध्याकाळपर्यंत आमच्या बौद्ध वस्तीतली माणसं तेवढी येऊन प्यायली. उरलेलं पिंप तसंच्या तसं. चनमल्लप्पा चांगला माणूस, मला तोंडावर बोलायला लाजला. म्हणाला, बायकांना ते कडू लागतंय. हेमा, गुळाचं पाणी कडू! शिवाय जुलाबात पाणी पाजलं की आगीत तेल, ही सगळ्यांची पक्की समजूत; तहानेने तडफडणाऱ्या लेकराच्या तोंडापुढचा तांब्या आई स्वतः काढून घेत होती. पण ते एक कारण आणि खरं कारण दुसरं. पाणी माझ्या हातचं होतं.

माझा राग तुला माहीत आहे. मी ते पिंप लाथेने आडवं केलं. दुष्काळात, टँकरच्या रांगेसमोर, सहा-सात घागरी पाणी मातीत. एक म्हातारी खाली बसून ती ओली माती ओंजळीत घेऊन बघायला लागली, आणि मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. त्या दिवशी नोकरी सोडून घरी यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

मला वाचवलं केसरबाईने. ती आमच्या लोकांच्या ओळीतली, खडी फोडणारी, अंगठ्यापलीकडे अक्षर येत नाही. रात्रीची भाकरी घेऊन तंबूत आली, माझं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, त्यास्नी तुमचा हात नको असंल तर ऱ्हाऊ द्या की. तुमची अक्कल कुटं बाटती व्हय? त्यांच्या हातानं त्यास्नीच करू द्या." एवढं बोलून ती झोपायला गेली. मी मात्र भाकरी हातात धरून तशीच बसले.

दुसऱ्या दिवसापासून मी कशालाही हात लावला नाही. खोपटापासून चार हात लांब उभी राहायचे आणि बोलायचे. तुझा तांब्या. तुझं पाणी. मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ. ढवळ. पाज. ओकला तर थोडं थांब, पुन्हा पाज. जेवढं बाहेर जाईल तेवढं आत घाल. दक्षिणेकडच्या निम्म्या ओळी कानडी बोलणाऱ्या, म्हणून "बेल्ल, उप्पु, नीरु, कुडी", म्हणजे गूळ, मीठ, पाणी, पी, एवढ्या चार शब्दांवर मी आठवडा काढला. माझं कानडी ऐकून आजारी माणसंसुद्धा हसायची, आणि हसलं की एक घोट जास्त जायचा. मीठ कुणी कुणाच्या हातात देत नाही, भांडण होतं म्हणतात, तेही माझ्या ध्यानात होतं. ते मी दगडावर ठेवायचे, ती बाई दगडावरून उचलायची. आता यात मौज बघ. मी पिंप भरत होते तेव्हा हात दोनच होते, माझे. आता ज्या बाईने एकदा कालवलं ती शेजारणीला दाखवायला लागली, शेजारीण पलीकडच्या ओळीला. चौथ्या दिवशी मी एका खोपटासमोर तोंड उघडणार, तर आतल्या बाईने मलाच सांगितलं की किती चिमूट मीठ घालायचं! तिला मी आधी कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मला नाचावंसं वाटलं. त्यांनी माझ्या हातचं घेतलं असतं ना, हेमा, तर मी एकटीच पुरे पडले नसते आणि निम्मं केंद्र मेलं असतं. हे कळलं तेव्हा मला हसूही आलं आणि संतापही आला, आणि दोन्ही अजून गेलेलं नाही.

आता तू उभी असशील तर बस. आधी एवढं वाच: ती बरी आहे, मला हुकूम सोडण्याइतकी बरी आहे. हेमा, त्या केंद्रावर तुझी आई आहे. ईरम्मा. फेब्रुवारीपासून खडी फोडते आहे. तुमची विहीर कोरडी पडली, बैल चारा छावणीत नेऊन बांधले, आणि बाई एक दिवस कुणाला न सांगता पाटी घेऊन माळावर आली. मी केंद्रावर पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला पाहिलं. तिनेही मला पाहिलं. लगेच पदर पुढे ओढला आणि घणाकडे तोंड केलं. मीही हजेरीच्या वहीत मान घातली. महिनाभर आम्ही दोघी एकमेकींना ओळखत नव्हतो. टोचायला तिची ओळ आली तेव्हा तिने दंड पुढे केला, मी लस टोचली, आणि दोघींनीही वेगवेगळ्या दिशांना बघितलं.

मी तुला तेव्हाच का कळवलं नाही, असं विचारशील. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. जिने मला ओट्याखाली उभं करून वरून पाणी ओतलं, तिचे हात आता रक्ताळलेत आणि औषधासाठी ती माझ्या तंबूपुढे उभी आहे. रोज सकाळी मी तिच्या ओळीवर नजर टाकायचे आणि मला बरं वाटायचं. असं वाटणाऱ्या बाईने नर्स असू नये, पण मला वाटत होतं.

ती अडुसष्टची दिवाळी तू माझ्यापेक्षा जास्त वेळा आठवली असशील. तू मला हौसेने गावी नेलंस. स्टेशनापासून दोन मैल चालून आलो होतो. तुझ्या आईने मला ओट्याखाली थांबवलं आणि तांब्या उंच धरला. मी ओंजळ केली. तू आतून आलीस, पाहिलंस, तांब्या हिसकून अंगणात फेकलास, नको नको ते बोललीस, आणि त्याच पावली आपण दोघी स्टेशनावर परत. गाडीत तू सोलापूरपर्यंत रडत होतीस आणि मी तुझी समजूत काढत होते. त्यानंतर तू त्या घराची पायरी चढली नाहीस. वडील गेले तेव्हासुद्धा तू बाहेरच्या बाहेर आलीस आणि गेलीस.

चार मे, शुक्रवार. दुपारी चारच्या सुमाराला दोन रोगी एकाच वेळी आले. एक बसम्मा, सातवा महिना, बेशुद्ध, नाडी लागत नव्हती. दुसरी तुझी आई. तिला शेजारणींनी घोंगडीत घालून आणलं होतं. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली, चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. पण शुद्धीवर होती. माझ्याकडे बाटली एक. एकच. मी ती बसम्माला लावली.

नियम बघितला तर मी चुकले नाही. जिला गिळता येत नाही तिला बाटली, जिला गिळता येतं तिला तांब्या. तू तिथे असतीस तर तूही हेच केलं असतंस. पण तुला एक सांगायलाच हवं. बाटली टांगताना माझा हात जराही कापला नाही. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला विचारते आहे की तो नर्सचा हात होता की ओट्याखाली उभ्या राहिलेल्या पोरीचा. तुझ्याशिवाय हे मी कुणाला सांगणार?

बसम्माची नाडी लागली तशी मी तुझ्या आईकडे वळले. शेजारणी पटकीच्या भीतीने पांगल्या होत्या. तिच्या उशाशी तिचाच तांब्या ठेवला, दगडावर मीठ, पानावर गूळ, आणि म्हटलं, अव्वा, कालवा. तिने तोंड फिरवलं. "ब्याड," म्हणाली, नको. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मग महिनाभराचं सोंग मी टाकून दिलं. "ईरम्मा, मी ओळखते तुम्हाला. मरायचं असेल तर खुशाल मरा, पण हेमाला मी काय सांगू तेवढं सांगून मरा."

तिने डोळे उघडले. मग तिचा हात गुळाकडे गेला. खडा तिच्याने फुटेना, बोटांत जोरच नव्हता. मी उठून फोडणार होते, तर तिने दुसऱ्या हाताने मला थांबवलं. आणि हेमा, तिने तो गूळ दाताने चावून, तुकडे करून तांब्यात टाकला. मीठ टाकलं. बोटानेच ढवळलं. अर्धा तांब्या तर अंगावर सांडला. जे उरलं ते एकेक घोट करत प्यायली, आणि मी चार हातांवर बसून घोट मोजत होते. दिवेलागणीपर्यंत चार तांबे. बसम्माच्या सासूने मग तुझ्या आईला तिच्या खोपटात नेलं आणि रात्रभर तीच कालवून पाजत राहिली. सकाळी उजाडता उजाडता मी गेले तर तुझी आई खोपटाच्या मेढीला धरून बाहेर निघाली होती. लघवीला! हेमा, लघवी झाली, पावशेर तरी झाली असेल! बाटलीशिवाय, सुईशिवाय, निव्वळ गूळ खाऊन झाली! मी त्या माळावर टाळ्या पिटल्या. लोकांना वाटलं, नर्सबाईचं डोकं फिरलं. पटकीत लघवी परत सुरू झाली की माणूस वाचला; या आनंदाची किंमत जगात तुझ्यामाझ्यासारख्यांनाच कळणार. आणि पलीकडे बसम्माही शुद्धीवर येऊन पाणी मागत होती.

पुढचं तर ऐकच. आठ दिवसांत तुझी आई खोपटापुढे तांब्या मांडून बसली आणि दक्षिणेकडच्या सगळ्या ओळींची गुरू झाली. माझ्या चार शब्दांच्या कानडीची कुणाला गरज उरली नाही. मध्येच एक गोंधळ झाला होता: दोन माणसं हे पाणी पिऊन जास्त ओकायला लागली आणि कुठे चुकतंय ते मला कळेना. खडी फोडून फोडून बायकांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असतात. त्या चिंध्यांसकट घेतलेली चिमूट दुप्पट व्हायची, मीठ जास्त पडायचं. हे मला दिसलं नाही, तुझ्या आईला दिसलं, कारण तिच्याही बोटांना चिंध्या होत्या. तिने नियम काढला: पाजायच्या आधी आईने स्वतः चाखायचं, आणि डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर आणखी पाणी ओतायचं. त्या माळावर ती चव ठाऊक नाही अशी एक बाई नव्हती. डॉक्टर आले, त्यांनी हे ऐकलं, आणि डायरी काढून लिहून घेतलं. पत्रकातली पाचवी ओळ बघ. ती तुझ्या आईची आहे.

काल साहेबांपुढे मी आकडे ठेवले. गुळपाण्याआधी पाच दिवसांत अकरा मृत्यू. त्यानंतरच्या जेमतेम तीन आठवड्यांत दोनशेच्या वर रोगी आणि मृत्यू चार. चौदाशे माणसं, एक नर्स आणि चोवीस बाटल्या. साहेब म्हणाले, बाई, हे दिल्लीला कळवलं पाहिजे. दिल्ली राहू दे, मी आधी मिरजेला कळवते आहे. मला माहीत आहे की हे वाचून तुलाही आपल्या ट्रेनिंगमधले ते रोगी आठवतील, बाटली आली नाही म्हणून गेलेले. मलाही आठवले. मग मी स्वतःला सांगितलं की माहीत नव्हतं ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तुझ्या वॉर्डात आजपासून सांगायला लाग.

तुला कळवायची बंदी तुझ्या आईनेच घातली आहे. म्हणाली, "हेमीला लिहू नको. ती यील आन् परत जाईल. एकदा गेली ती पुरं झालं." मी मान हलवली, पण वचन दिलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. परवा निघण्याआधी मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि भांडले. पाच वर्षांचं सगळं काढलं: किती तहान लागली होती, ओंजळ करताना काय वाटलं, गाडीत खिडकीकडे तोंड करून मी काय गिळलं. हे तुलाही मी कधी सांगितलं नव्हतं, कारण तू रडत होतीस आणि तुझं रडणं आधी थांबवायचं होतं. तुझ्या आईने सगळं ऐकून घेतलं. पाया पडली नाही, डोळ्यांतून पाणीही काढलं नाही. म्हणाली, "वय झालं माझं. कळतंय, पर हात वळत न्हाय." मी म्हटलं, नाही वळत तर मी सोडणार नाही, परत आले की रोज येईन आणि रोज भांडेन. त्यावर ती म्हणाली, "ये की." बास, एवढंच. माझ्या हातचं पाणी तिने आजवर घेतलेलं नाही आणि मी तिला माफ केलेलं नाही, पण आमचं सुरू झालं आहे, आणि हेमा, मला त्यात किती बळ आलंय म्हणून सांगू. पाच वर्षं लोक म्हणतात, चांगुणासाठी हेमाने माहेर सोडलं, आणि मीही ते मिरवलं. पण तहान माझी होती, अपमान माझा होता, आणि भांडण तेवढं तू उचलून मिरजेला घेऊन गेलीस. मला काय हवं ते त्या दिवशी कुणी विचारलंच नाही, तूसुद्धा नाही. ते माझं मला परत दे. ते मी निस्तरेन, मला येतं ते. तुझ्याकडे मग तिच्याशी धरायला काही उरत नाही. कुर्डुवाडीला गाडी बदल, सोलापूरला मी स्टेशनावर उभी असेन, तिथून दुधनी किती लांब ते तुला ठाऊक आहे. तुझी आई साठीची आहे, मरता मरता वाचली आहे, आणि तिने तो पहिला घोट तुझ्या नावावर घेतला. ये.

तुझीच, अजून न निवळलेली,
चांगुणा